हौस आधी जाते : ‘देवराई’ आणि ‘कासव’ पुन्हा पाहताना

(धामापूर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागे उभे आहात त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे.

धामापुरात येऊन सिनेमावर बोलणं जरा धाडसाचंच आहे. बाहेर तलाव आहे. 1530 साली, विजयनगरच्या अमदानीत नागेश देसायांनी बांधलेला. 2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. काठावर भगवतीचं देऊळ, भोवती गच्च झाडी. हे सगळं सोडून माणसांनी अंधारात बसून पडदा का बघावा? पण काल रात्री तुम्ही बसलात, ‘देवराई’ही पाहिलात आणि ‘कासव’ही, आणि दुसऱ्या सिनेमानंतर बराच वेळ कुणी उठलं नाही. त्यामुळे मला आज गोष्ट सांगत बसायला नको, थेट मुद्द्यावर येतो.

एक आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. सिनेमावर लिहितो. माझी तक्रार सिनेमाबद्दल आहे, आणि थोडी आपल्याबद्दल, म्हणजे सिनेमा बघणाऱ्यांबद्दल.

‘देवराई’ 2004 चा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. कोकणातला शेष, अतुल कुलकर्णीने केलेला. आंब्याची बाग, गावाजवळची देवराई, तिच्यात त्याचा जीव गुंतलेला. मग त्याचं भान सुटतं, बहीण सीना, म्हणजे सोनाली कुलकर्णी, त्याला शहरात आपल्या घरी नेते, आणि मोहन आगाशे डॉक्टर होऊन येतात. आगाशे प्रत्यक्षातही मनोविकारतज्ज्ञ, त्यामुळे त्या भूमिकेत ते अभिनय किती करतात आणि ओपीडी किती चालवतात हे कळत नाही. (हशा) या चित्रपटामागे पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन होती. ती स्थापन करणारे जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक होते आणि हा आजार त्यांच्या स्वतःच्या घरात होता. म्हणजे हे कुणी लांबून, गंमत म्हणून केलेलं काम नाही. वेड म्हणजे केस पिंजारलेला, हसत सुटणारा माणूस, ही मराठी पडद्याची जुनी सवय या सिनेमाने मोडली. मराठीत या आजारावरचा सगळ्यात प्रामाणिक चित्रपट कोणता असं विचारलंत, तर मी आजही ‘देवराई’च सांगेन.

आता तक्रार.

या सिनेमाला 2004 सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कशासाठी? पर्यावरण संवर्धनावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून. जरा थांबून विचार करा यावर. एका माणसाला देवराईशिवाय काही दिसेनासं होतं, हे ज्या आजाराचं लक्षण म्हणून दाखवलंय, तेच परीक्षकांनी संदेश म्हणून उचललं! मी परीक्षकांना हसत नाही. चूक त्यांची एकट्यांची नाही. सिनेमाच तसा रचलाय की शेषचं झाडांचं वेड आपल्याला सुंदर वाटतं. कॅमेरा त्याच्याबरोबर रानात शिरतो आणि आपणही त्या हिरव्या अंधारात गुंगतो. आजार सुरू होतो तो कशाच्या तरी भरतीने, जास्तीच्या प्रेमाने, जास्तीच्या अर्थाने. पडद्यावर हे शोभून दिसतं. घरात मात्र बहुतेक वेळा तसं घडत नाही.

मग कसं घडतं? जर्मनीत मानहाइम इथे हाफ्नर नावाच्या संशोधकाने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक मोठा अभ्यास सुरू केला. पहिल्यांदाच आजार उमटलेले 232 रुग्ण घेतले आणि त्यांच्याकडून, त्यांच्या घरच्यांकडून मागचा सगळा प्रवास महिन्यामहिन्याने लिहून काढला. जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांमध्ये सुरुवात आवाज ऐकू येण्याने झालीच नव्हती. सुरुवात झाली होती उदासीने, बेचैनीने, उत्साह संपण्याने, माणसांतून मागे सरण्याने. आणि हा काळ सरासरी किती? सुमारे पाच वर्षं. आपण ज्याला आजाराची सुरुवात म्हणतो, पोलीस, आरडाओरडा, रात्री घराबाहेर पळणं, ते सगळं त्या पाच वर्षांच्या शेवटाला येतं.

त्या पाच वर्षांवर मराठीत सिनेमा नाही. ही माझी तक्रार.

आणि का नाही, तेही कळतं. सिनेमाला काहीतरी घडायला लागतं. आवाज ऐकू येणं घडतं, ते ध्वनीत दाखवता येतं. संशय घडतो, तो कॅमेऱ्याच्या कोनात दाखवता येतो. पण मुलाला डबलबारीला जावंसं वाटलं नाही, हे कसं दाखवणार? तो गेला नाही, एवढंच. दुसऱ्या वर्षीही गेला नाही. गणपतीत कोपऱ्यात बसला, आरती संपली तसा उठून गेला. यात दृश्य कुठलं? आई फार तर शेजारणीला म्हणते, “आमच्या झिलाक हल्ली कसलीच हौस ऱ्हवली नाय.” बस्स. त्या एका वाक्यात सगळा आजार आहे, आणि ते वाक्य कुणी लिहून घेत नाही.

या गोष्टीला वैद्यकात अॅनहेडोनिया म्हणतात. शब्द फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो याने 1896 साली घडवला, आनंद न होणे एवढाच त्याचा अर्थ. पुढे 1962 साली पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्किझोफ्रेनियाच्या मुळाशी असलेल्या गोष्टींमध्ये याला ठेवलं. म्हणजे कल्पना नवी नाही. पण बराच काळ डॉक्टरसुद्धा असंच धरून चालले की या माणसांना आनंद होतच नाही, आतून सगळं सुकलंय.

इथे एक प्रयोग मला, सिनेमावाल्याला, फार महत्त्वाचा वाटतो. अॅन क्रिंग आणि जॉन नील यांचा, 1996 चा. त्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्यांना आणि नसलेल्यांना सिनेमाचे तुकडे दाखवले. गमतीचे, दुःखाचे, भीतीचे. रुग्णांचे चेहरे फारसे हलले नाहीत. पण काय वाटलं असं विचारलं तर त्यांनी सांगितलेली भावना इतरांएवढीच होती. चेहरा कोरा, आत भरलेलं! आता सांगा, मोठ्या पडद्यावर नट काय करणार? नटाचं सगळं भांडवल चेहरा. अतुल कुलकर्णीचा चेहरा तर असा की पापणी हलली तरी शेवटच्या रांगेला कळतं. ‘देवराई’त तो फार ताकदीने काम करतो, आणि नेमकं तिथेच आजार निसटतो, असं मला वाटतं. शेषचं दुःख आपल्याला दर क्षणी दिसतं. घरातल्या शेषचं दिसत नाही. म्हणूनच घरचे म्हणतात, “ह्याला कशाचं काही नाही.”

याच क्रिंगबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे, 2007 च्या सुमारास, आणखी एक भेद मांडला. आनंदाचे दोन भाग असतात. एक, समोर आलेली गोष्ट चाखतानाचा. दुसरा, ती येण्याआधीचा, तिच्याकडे ओढणारा. त्यांना दिसलं ते असं की या आजारात पहिला बराचसा शाबूत असतो, दुसरा जातो. यावर अजून वाद आहेत, सगळ्यांचंच असं होतं असंही नाही. पण इंग्रजीत हे सांगायला त्यांना लांबलचक शब्द जोडावे लागले. आपल्याकडे दोन शब्द तयार आहेत. चव आणि हौस. बांगड्याचं तिखलं ताटात आल्यावर लागते ती चव. बाजारात बांगडा आलाय म्हणून पिशवी घेऊन धावतो ती हौस. चव राहते, हौस जाते.

हे एवढं कळलं तर घराघरातली किती भांडणं उलगडतात बघा. मुलगा दिवसभर पडून असतो. मित्र बोलवायला येतात, नको म्हणतो. क्रिकेट सोडलं. ताट वाढलं तर मात्र नीट जेवतो, एखादवेळी दुसरा तुकडाही मागतो. बाप काय म्हणतो? “खायला बरं येतंय! कामाचं नाव काढलं की आजारी!” बापाच्या बाजूने बघितलं तर त्याचं बरोबर आहे. ज्याला खरंच दुःख आहे त्याला अन्न गोड लागणार नाही, असं आपण समजतो. चव आहे म्हणजे ढोंग आहे. आणि मग त्या मुलावर आळशी, माजलेला, वाया गेलेला असे शिक्के बसत जातात. पाच वर्षं तो हे शिक्के ऐकतो. नंतर कधीतरी त्याला लोक आपल्याबद्दल वाईट बोलतायत असे आवाज ऐकू येऊ लागतात. आता आवाज त्या शिक्क्यांमुळे येतात असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं आईबापांवर अन्याय होईल. आजार मेंदूतला आहे. पण ते आवाज काय बोलतात, कुठले शब्द वापरतात, ते शब्द आले कुठून, हा प्रश्न लेखक म्हणून मला सोडत नाही.

आता ‘कासव’कडे. तोही याच जोडीचा, 2016 सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. आपल्याच किनाऱ्यावरचा. आलोक राजवाडेचा तरुण रस्त्यावर तापाने फणफणलेला सापडतो, इरावती हर्षेची जानकी त्याला समुद्राकाठच्या घरी घेऊन जाते आणि त्याला नावसुद्धा विचारत नाही. इथे गोडी गेलेला माणूस आहे. पडून राहणं, न बोलणं, दार लावून घेणं, सगळं आहे. दिग्दर्शकांनी ‘देवराई’नंतरच्या बारा वर्षांत केवढा पल्ला गाठलाय बघा. तिथे अर्थांची भरती, इथे ओहोटी, आणि ती दाखवायची हिंमत. कॅमेरा थांबतो, वाट बघतो. पण सिनेमा या मुलाला नैराश्याचा रुग्ण म्हणून बघतो. ते योग्यच आहे, तो नैराश्याचाच सिनेमा आहे.

अडचण दोन सिनेमांच्या बेरजेत आहे. दोन्ही पाहून उठलेल्या प्रेक्षकाच्या मनात एक वाटणी पक्की होते : गोडी गेली म्हणजे नैराश्य, आणि भास झाले म्हणजे स्किझोफ्रेनिया. आलोक राजवाडेचा मुलगा वेगळा, अतुल कुलकर्णीचा वेगळा. प्रत्यक्षात कितीतरी घरांत हा एकच मुलगा असतो, काही वर्षांच्या अंतराने. आधी ‘कासव’, मग ‘देवराई’.

हे दोन टोकांना जोडणारं काहीतरी आतही आहे. शितिज कपूर या मनोविकारतज्ज्ञाने 2003 साली एक मांडणी केली, ती मला ‘देवराई’ समजून घ्यायला फार उपयोगी पडली. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य असतं. ते आनंद देतं असं आपण वर्तमानपत्रात वाचतो, पण कपूर म्हणतात की त्याचं काम जगातल्या गोष्टींना ओढ लावण्याचं आहे. हे महत्त्वाचं, हे बघ, इकडे ये. हे काम बिघडलं की भलत्याच गोष्टींना ओढ चिकटते. भिंतीवरचा डाग, गाडीचा नंबर, कुणाचं खोकणं. माणूस विचार करतो, हे मलाच का दिसतंय? आणि त्याचं उत्तर तो स्वतः रचतो. ते उत्तर म्हणजे भ्रम. आणि ज्या गोष्टींना खरी ओढ असायला हवी, मित्र, सण, काम, त्या मात्र फिक्या पडलेल्या असतात. आत्ताचे संशोधक म्हणतात की गोडी जाणं आणि भलत्यालाच अर्थ येणं यांचा एकमेकांशी संबंध असावा.

या नजरेने ‘देवराई’ पुन्हा बघा. शेषला देवराई इतकी का ओढते? मला वाटतं, बाकी सगळ्याने ओढायचं सोडलंय म्हणून. ते रान म्हणजे त्याच्या विझत गेलेल्या घरातला शेवटचा पेटता दिवा. सिनेमा हे थेट कुठेही सांगत नाही. पण बागेचा व्यवहार, नातीगोती, आयुष्याच्या साध्या वाटा त्याच्या हातून कशा सुटत जातात हे त्यात आहे. आपण झाडं बघत बसतो म्हणून ते आपल्याला दिसत नाही. म्हणजे सिनेमा त्याला मिळालेल्या पुरस्कारापेक्षा जास्त शहाणा आहे. माझी तक्रार इथे अर्धी मागे घ्यावी लागते, पूर्ण नाही.

एक जर्मन डॉक्टर होता, क्लाउस कोनराड. त्याने 1958 साली सुरुवातीच्या स्किझोफ्रेनियावर पुस्तक लिहिलं. पहिल्या अवस्थेला त्याने नाव दिलं ट्रेमा. हा नाटकवाल्यांचा शब्द. प्रवेश घेण्याआधी नटाच्या पोटात गोळा येतो, तो. तुम्हाला दशावतार माहीत आहे, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. रंगून तयार बसलेला नट, पेटी सुरू झालेली, मृदंगावर थाप पडलेली, अजून बाहेर गेलेला नाही. काहीतरी होणार आहे. फक्त या मुलाला आपलं नाटक कुठलं आणि आपण त्यात कोण हे माहीत नसतं. आणि ही अवस्था एका रात्रीची नसते, महिनोन्‌महिने टिकते. त्या काळात त्याला आरतीत गोडी कशी वाटेल?

आपल्या जिल्ह्याचाच लेखक, चिं. त्र्यं. खानोलकर, त्याला हे कुठेतरी कळलं होतं. त्याच्या ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगलांनी 1978 साली चित्रपट केला. त्यात आधी येतो तो घरच्यांनी रिकामटेकडा म्हणून हिणवलेला, भावाशी भांडून घराबाहेर पडलेला माणूस, आणि मग समुद्राकाठी त्याला साक्षात्कार होतो. हा क्रम बघा. मी तिथे आजाराचं नाव चिकटवत नाही, तो वेगळ्या जातीचा मजकूर आहे. पण आधी रितेपण आणि मग अर्थाचा पूर, ही चाल खानोलकरांच्या गोष्टीत आहे आणि आमच्या जाणीवजागृतीच्या सिनेमात नाही, हे मला टोचतं.

आणखी एक अडचण खास आपली. पोराला कशाची इच्छा उरली नाही, याला आपल्या भाषेत मानाचं नाव आहे. वैराग्य. पोरगा शांत झाला, मोह सुटला, देवाकडे वळला. कुणी म्हणतं बाहेरचं लागलं, मग कौल लावणं, गाऱ्हाणं घालणं. देवळात जाऊ नका असं मी म्हणणार नाही. भगवतीसमोर बसून असं बोलणाऱ्याला तुम्ही तलावात टाकाल. (हशा) पण वैराग्यातल्या माणसाला एक गोडी सुटून दुसरी लागलेली असते. नामाची, भजनाची. वारकऱ्याला कुणी उदास म्हणत नाही. ज्याला भजनाचीही गोडी नाही, टाळ हातात घेऊन जो नुसता बसलाय, तो वैरागी नाही. त्याला डॉक्टर दाखवा. देवळातून येताना दाखवा, पण दाखवा.

माझं बोलणं झालं. प्रश्न असतील तर विचारा.

(एका श्रोत्याचा प्रश्न : हल्ली सगळीच पोरं मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात, कशात भाग घेत नाहीत. त्यातला आजारी कोण हे ओळखायचं कसं?)

बरोबर प्रश्न. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका, त्याची त्याच्याशीच करा. जो आधीपासूनच एकलकोंडा आहे तो आहे. पण जो वर्षभरापूर्वी वाडीतल्या प्रत्येक टीममध्ये होता आणि आता अंघोळसुद्धा करायला तयार नाही, झोप उलटीसुलटी झालीय, अभ्यास एकदम घसरलाय, आणि हे सगळं महिनोन्‌महिने चाललंय, तिथे विचारायला हवं. आणि हेही सांगतो, गोडी गेलेल्यांपैकी बहुतेकांना हा मोठा आजार होत नाही. कुणाला नैराश्य असतं, कुणाला थायरॉईड, कुणाचं दारू-गांजामुळे, कुणाचं काही महिन्यांत आपोआप मार्गी लागतं. ज्यांना डॉक्टर जास्त धोक्यात आहेत असं ठरवतात त्यांच्यातलेही बरेचसे पुढे सायकोसिसपर्यंत जात नाहीत. तेव्हा घरी जाऊन पोराच्या कपाळावर नाव लिहू नका. तपासणं वेगळं, शिक्का मारणं वेगळं. आणि मरणाची भाषा आली तर मात्र महिने मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी हलायचं.

(प्रश्न : कुठे दाखवायचं? रत्नागिरी म्हटलं की पोरगा घाबरतो, आणि लोकही बोलतात.)

रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 पासून आहे, म्हणून आपल्या भागात ‘रत्नागिरीला धाडणं’ ही शिवीच झाली. सुरुवातीच्या तपासणीला तिथपर्यंत जायची गरज नसते. ओरोसला जिल्हा रुग्णालयात विचारा. तेही नको असेल तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, मोफत, 2022 पासून, मराठीत बोलता येतं. आईबापांनीच आधी फोन केला तरी चालतो, मुलाला पुढे करायला हवं असं नाही.

(प्रश्न : हौसच नाही म्हणता, मग त्याला जत्रेला, डबलबारीला ओढून न्यायचं का? की तो म्हणेल तेव्हाच?)

तो म्हणेल तेव्हा न्यायचं ठरवलंत तर कदाचित तो म्हणणारच नाही. म्हणायला हौस लागते. ओढूनही नेऊ नका, गर्दी आणि आवाज त्याला त्या काळात सोसत नसतील. ‘कासव’मध्ये जानकी काय करते आठवा. ती “तुला काय हवंय” असं विचारत बसत नाही. गोष्टी त्याच्या हाताजवळ ठेवते, आणि त्याने हात लावला नाही तर रागावत नाही. चव शिल्लक आहे हे धरून चालायचं. डबलबारीच्या मांडवात नेण्यापेक्षा घरच्या पडवीत दोघं-तिघं भजनाला बसा, तो आत असेल, दार उघडं ठेवा. बांगडा आणायला चाललात तर “येतोस काय?” एवढंच विचारा, उत्तराची वाट बघत उंबऱ्यात उभे राहू नका, आणि आला नाही तर उद्या पुन्हा विचारा. हे औषधाच्या जागी नाही हं, औषध लागलं तर ते डॉक्टर देतील. पण औषधांबद्दल एक माहीत असू द्या. ती आवाज आणि भ्रम बऱ्यापैकी आटोक्यात आणतात, गोडी परत आणायला मात्र तेवढी उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे भास थांबले म्हणजे पोरगा बरा झाला, आता लागू दे कामाला, अशी घाई झाली की पुन्हा तेच शिक्के सुरू होतात.

(प्रश्न : आमच्या वाडीत एकच सिनेमा दाखवायचा तर कुठला दाखवू?)

‘कासव’ दाखवा. आणि संपल्यावर लगेच दिवे लावू नका. माणसं आपोआप बोलायला लागतात, त्यांना बोलू द्या. आयाबायांना पुढे बसवा. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त माहिती असते.